इंदूरचा पारा, पणजीचा उकाडा आणि जगाची सरासरी

जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात दोन आकडे वृत्तपत्रांत झळकले. भारतीय हवामान विभागाने जाहीर केले की, १९०१ पासूनच्या देशव्यापी नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले असून त्या वर्षाचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा ०.६५ अंश सेल्सिअसने अधिक होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत जागतिक हवामान संघटनेने सांगितले की, त्याच वर्षी जगाचे सरासरी तापमान १.५५ अंशांनी अधिक होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की साहजिकच एक निष्कर्ष निघतो: जग तापले त्याच्या निम्म्याहूनही कमी भारत तापला. हा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि काहींनी तो समाधानाने मांडलाही. मात्र तो या दोन आकड्यांतून निघत नाही. पहिला आकडा १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीशी केलेली तुलना आहे, तर दुसरा १८५० ते १९०० या काळाशी केलेली. मोजपट्ट्याच वेगळ्या असताना लांबीची तुलना करण्यात अर्थ नसतो.

हवामानबदलाविषयीच्या आपल्याकडील बऱ्याच चर्चेची ही मेख आहे. ‘किती तापले’ हे सर्वांना ठाऊक असते. ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक जागतिक सरासरी तापमान ही संकल्पना समूळ तुलनेवर उभी आहे. ती तुलना कशी केली जाते हे समजले, तर पॅरिस करारातील दीड अंशाच्या मर्यादेपासून गोव्यातील उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यापर्यंत अनेक गोष्टींचा उलगडा होतो. त्यासाठी न्यूयॉर्क किंवा लंडनला जाण्याचे कारण नाही. होळकरांचे, आजही लक्षणीय मराठी वस्ती असलेले इंदूर हे उदाहरण पुरेसे आहे.

दोन शहरे, दोन हवामाने

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, तर एकट्या इंदूर जिल्ह्याचे ३,८९८ चौरस किलोमीटर. आकाराने जवळपास सारख्या असलेल्या या दोन भूभागांचे हवामान मात्र परस्परविरोधी आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आणि समुद्रापासून दूर आहे. मे महिन्यात तेथे दुपारचा पारा सरासरीने चाळीस अंशांच्या आसपास असतो, तर डिसेंबर-जानेवारीतील रात्री दहा अंशांच्या घरात उतरतात. दिवस कितीही तापला तरी रात्र सुखद असते, ही माळव्याची जुनी ख्याती. ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. पणजीत समुद्र हा मोठा नियामक आहे. तेथे दुपारचे कमाल तापमान वर्षभर साधारण २९ ते ३४ अंशांच्या पट्ट्यात फिरते आणि रात्रीही फारशा गार होत नाहीत.

आता या दोन शहरांच्या तापमानांची सरासरी काढायची म्हटले, तर जो आकडा येईल तो इंदूरचाही नसेल आणि पणजीचाही नसेल. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. समजा एखाद्या मे महिन्यात इंदूरच्या वेधशाळेची नोंद काही कारणाने मिळाली नाही आणि केवळ पणजीची हाती आली. लगेच ‘दोन शहरांची सरासरी’ एक-दोन अंशांनी घसरेल. हवेत तिळमात्र बदल झालेला नसताना कागदावर गारवा येईल. जगभरात हजारो केंद्रे आहेत. काही बंद पडतात, काही नव्याने सुरू होतात, युद्धाच्या काळात कित्येकांच्या नोंदींत खंड पडतो. थेट तापमानांची सरासरी काढली असती, तर अशा प्रत्येक घटनेने जगाचे तापमान वरखाली झाले असते.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग साधा आहे. प्रत्येक केंद्राची तुलना दुसऱ्या कोणाशीही न करता त्याच्या स्वतःच्याच भूतकाळाशी करायची. केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. इंदूरचे मे महिन्याचे दिवस-रात्र मिळून सरासरी तापमान तीस वर्षांच्या नोंदींनुसार ३३ अंश असावे आणि यंदा ते ३४ भरावे. पणजीचे ३० असावे आणि यंदा ३०.७ भरावे. मग इंदूरची तफावत अधिक १, पणजीची अधिक ०.७. या दोन तफावतींची सरासरी काढता येते, कारण दोन्ही ‘नेहमीपेक्षा किती’ या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. आता इंदूरची नोंद हरवली तरी उत्तर ०.८५ वरून ०.७ वर येईल. एकदम गडगडणार नाही. जगाच्या तापमानाविषयी जाहीर होणारा प्रत्येक आकडा हा अशा तफावतींची सरासरी असतो. म्हणूनच ‘पृथ्वीचे तापमान नेमके किती’ या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञ ‘सुमारे १४ ते १५ अंश’ असे सैलपणे देतात, पण ‘ते किती वाढले’ याचे उत्तर मात्र अंशाच्या दहाव्या भागापर्यंत काटेकोरपणे देऊ शकतात.

इंदूरची नोंद जगाच्या हिशेबात कशी जाते

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे पहिले प्रमुख झाले. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी हवामानाच्या जुन्या नोंदी जपण्याचे आणि त्यांचे विश्लेषण करण्याचे काम पुण्यातच राहिले. मध्य भारत एजन्सीच्या काळापासूनच्या इंदूरच्या नोंदी याच परंपरेचा भाग आहेत. गोवा या व्यवस्थेत आला तो अर्थातच १९६१ च्या मुक्तीनंतर.

कमाल आणि किमान तापमान टिपण्याची रीत देशभर एकच आहे. सकाळी साडेआठला रात्रीचे किमान आणि सायंकाळी साडेपाचला दिवसाचे कमाल तापमान नोंदवले जाते. दोहोंचा मध्य म्हणजे त्या दिवसाची सरासरी. महिन्याच्या दिवसांची सरासरी म्हणजे मासिक आकडा. असे मासिक आकडे जागतिक संग्रहात जातात. अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय संस्थेकडील या संग्रहात आज पंचवीस हजारांहून अधिक केंद्रांच्या नोंदी आहेत. तुलनेसाठी आठवावे असे की, १९३८ मध्ये गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने जगाचे तापमान वाढत असल्याचा पहिला भक्कम हिशेब मांडला तो अवघ्या १४७ केंद्रांच्या आधारे, आणि तोही हाताने. पुढे संगणकांच्या साहाय्याने झालेल्या मोजणीने त्याच्या हिशेबाची दिशा बरोबर असल्याचे दाखवले.

इतकी थोडी केंद्रे कशी पुरली, याचे उत्तर इंदूर आणि पणजी यांच्यातील अंतरात दडले आहे. सरळ रेषेत ते सुमारे ८३० किलोमीटर भरते. १९८७ मध्ये ‘नासा’चे जेम्स हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ यांनी दाखवून दिले की, दोन ठिकाणांची तापमाने कितीही वेगळी असली तरी त्यांच्या वार्षिक तफावती सुमारे बाराशे किलोमीटरपर्यंत बऱ्याच अंशी बरोबरीने चढतात आणि उतरतात. उष्ण कटिबंधात हे साहचर्य काहीसे सैल असते, पण असते. जे वर्ष माळव्यात नेहमीपेक्षा उष्ण असते, ते कोकणातही बहुधा तसेच असते. ‘नासा’च्या पद्धतीत प्रत्येक केंद्राची तफावत भोवतालच्या बाराशे किलोमीटरच्या वर्तुळात गृहीत धरतात आणि अंतर वाढेल तसे तिचे वजन शून्याकडे कमी करत नेतात. या नियमानुसार इंदूरजवळच्या एखाद्या बिंदूचा हिशेब करताना पणजीच्या नोंदीला जवळपास एक तृतीयांश वजन मिळते.

ब्रिटनची पद्धत वेगळी आहे. तेथील हवामान खाते आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठ मिळून पृथ्वीचे पाच अंश अक्षांश गुणिले पाच अंश रेखांश असे चौकोन पाडतात. त्यांच्या नकाशात इंदूर ज्या चौकोनात आहे त्यात भोपाळ आणि नागपूरही येतात. पणजीच्या चौकोनात मुंबई, पुणे आणि अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. प्रत्येक चौकोनाला त्याच्या क्षेत्रफळाइतकेच मत मिळते. त्यामुळे दाट वस्तीच्या प्रदेशात शंभर तापमापक असले, तरी जागतिक सरासरीत त्यांचा आवाज शंभरपट होत नाही. युरोपची कोपर्निकस सेवा तिसऱ्या मार्गाने जाते. ती भूकेंद्रे, जहाजे, फुगे आणि उपग्रह यांची निरीक्षणे हवामानाच्या गणिती प्रारूपात गुंफून तासातासाचे चित्र उभे करते. पद्धती अशा भिन्न असूनही निष्कर्ष जवळ येतात. २०२४ साठी ‘नासा’चा अंदाज १८५०–१९०० च्या तुलनेत १.४७ अंश होता, ब्रिटनचा १.५३ आणि कोपर्निकसचा १.६०. जागतिक हवामान संघटनेने अशा सहा संचांचा मेळ घालून १.५५ हा आकडा दिला आणि त्यासोबत अधिक-उणे ०.१३ अंशांची अनिश्चितताही नमूद केली. ती बहुतेक बातम्यांतून गळून पडली.

समुद्राची बादली, ध्रुवाची पोकळी

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, म्हणून जागतिक सरासरीत समुद्राचे मत सर्वांत मोठे. तेथे वेधशाळा नव्हत्या. होती ती जहाजे. खलाशी बादली समुद्रात सोडून पाणी वर काढत आणि त्यात तापमापक बुडवत. लाकडी बादल्या जाऊन कॅनव्हासच्या आल्या, तेव्हा वर ओढता ओढता बाष्पीभवनाने पाणी थोडे गार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजण्याची रीत वाढली. ते इंजिनाच्या उष्णतेमुळे किंचित कोमट निघे. समुद्र तोच, वेगळी होती ती मोजण्याची तऱ्हा. हे फरक हिशेबात धरून जुने आकडे दुरुस्त करावे लागतात.

या दुरुस्त्यांविषयी मोठा संशय पसरवला गेला आहे. शास्त्रज्ञ आकड्यांना हात लावतात तो तापमानवाढ फुगवून दाखवण्यासाठी, असा आरोप सर्रास होतो. वस्तुस्थिती उलट आहे. बादल्यांमुळे जुन्या नोंदी मुळापेक्षा गार होत्या. दुरुस्तीने त्या वर आल्या आणि परिणामी एकूण वाढ कमी झाली. जमीन आणि समुद्र मिळून पाहिले, तर कच्च्या आकड्यांत दिसणारी दीर्घकालीन वाढ दुरुस्त आकड्यांपेक्षा अधिक आहे. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना या सर्व हिशेबाविषयी शंका होती. त्यांनी ‘बर्कली अर्थ’ हा स्वतंत्र प्रकल्प उभारला, सर्व नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१२ मध्ये तापमानवाढ खरी असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

आज समुद्राची नोंद तरंगत्या स्वयंचलित यंत्रांकडून येते. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची सुमारे चार हजार यंत्रे जगभरच्या महासागरांत बुड्या मारून खोलवरचे तापमान आणि क्षारता टिपतात. पृष्ठभागाच्या सरासरीला ती पूरक ठरतात. मात्र त्यांचे खरे मोल असे की, अतिरिक्त उष्णतेचा बहुतांश भाग समुद्र कसा पोटात घालतो हे त्यांनी दाखवले. १९६६ मध्ये स्थापन झालेली दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हिंदी महासागराच्या अशाच अभ्यासासाठी ओळखली जाते.

गोव्याचा दुसरा धागा ध्रुवांपर्यंत जातो. वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही ठाणी चालवते. आर्क्टिकमधील ‘हिमाद्री’ हे ठाणेही त्याच्याच अखत्यारीत आहे. ध्रुवांवरची नोंद जागतिक सरासरीला किती महत्त्वाची आहे, हे गेल्या दशकात ठळकपणे समोर आले. १९९८ नंतर तापमानवाढ थबकली असा गाजावाजा झाला होता. ब्रिटनच्या तत्कालीन संचात आर्क्टिकचे बरेचसे चौकोन रिकामे होते आणि रिकाम्या चौकोनांचा अर्थ व्यवहारात ‘जगाच्या सरासरीइतकेच’ असा होत होता. प्रत्यक्षात तोच प्रदेश सर्वांत वेगाने तापत होता. पोकळी भरून काढल्यावर तो तथाकथित विराम बराचसा विरला. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०२१ च्या अहवालात स्पष्ट केले की, नव्या संचांमुळे आणि सुधारित पद्धतींमुळेच आजवरच्या वाढीच्या अंदाजात सुमारे ०.१ अंशाची भर पडली. पृथ्वी त्यामुळे अधिक तापली नाही. आधीचा हिशेब अपुरा होता.

शहर वाढले, छप्पर बदलले

इंदूरसारख्या शहराच्या नोंदीत आणखी एक प्रश्न आहे. १९०१ मध्ये इंदूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती वीस लाखांच्या घरात पोहोचली. डांबर, सिमेंट, वाहने आणि वातानुकूलन यंत्रांची उष्णता यांमुळे शहर भोवतालच्या शेतशिवारापेक्षा गरम राहते, विशेषतः रात्री. मग नोंदीतली वाढ जगाची की शहराची? शंका रास्त आहे आणि ती शास्त्रज्ञांनाही पडली. म्हणून शहरी केंद्रांची तुलना आसपासच्या ग्रामीण केंद्रांशी करून शहरीकरणाचा वाटा वेगळा काढला जातो. आंतरशासकीय मंडळाच्या २०१३ च्या मूल्यमापनानुसार, दुरुस्तीनंतरही उरलेला शहरी प्रभाव जमिनीवरील शतकभराच्या वाढीच्या दहा टक्क्यांहून अधिक असण्याची शक्यता कमी आहे. समुद्रावर तर शहरेच नाहीत आणि तोही तापतो आहे. अर्थात जागतिक हिशेबातून वजा केलेली ही शहरी उष्णता इंदूरकराच्या अंगावरून वजा होत नाही. हवामानशास्त्रासाठी ती दोष असली, तरी नगरनियोजनासाठी ती मुख्य वस्तुस्थिती आहे.

तापमापकावरचे छप्परही बदलत आले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उष्ण कटिबंधात, भारतातही, तापमापक गवताने शाकारलेल्या उघड्या मांडवाखाली ठेवत. पुढे पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवण्याची रीत सार्वत्रिक झाली. आता पाऱ्याच्या जागी स्वयंचलित संवेदक येत आहेत. त्यात धोका नाही असे नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि ती जगभर गाजली. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा तेथील संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. ही चूक उघडकीस आली कारण शेजारच्या केंद्रांचे आकडे तिच्याशी जुळत नव्हते. एखादे केंद्र विश्वासार्ह ठरते ते शेजाऱ्यांच्या आणि स्वतःच्या जुन्या नोंदींच्या साक्षीने. म्हणूनच केंद्र कधी हलवले, उपकरण कधी बदलले, भोवती इमारत कधी उभी राहिली याची साधी दैनंदिनी ही तापमानाच्या नोंदीइतकीच मोलाची असते.

एकच उष्णता, तीन आकडे

आता आरंभीच्या दोन आकड्यांकडे वळता येईल. कोपर्निकसने २०२४ ची जागतिक वाढ दोन प्रकारे सांगितली: १९९१–२०२० च्या तुलनेत ०.७२ अंश आणि १८५०–१९०० च्या तुलनेत १.६० अंश. ‘नासा’ने १९५१–१९८० शी तुलना करून १.२८ अंश सांगितले. वर्ष तेच, तुलनेचा काळ वेगळा. भारताचे ०.६५ हे ज्याच्या शेजारी ठेवायचे तो जागतिक आकडा १.५५ नसून ०.७२ आहे. म्हणजे समान मोजपट्टीने पाहिले, तर २०२४ मध्ये भारताची तफावत जगाच्या तफावतीच्या बरीच जवळ होती.

त्यातही सावधगिरी हवी. भारताचा आकडा केवळ जमिनीचा आहे, जगाचा जमीन आणि समुद्र मिळून. जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते. २०११–२०२० या दशकात जगभरची जमीन १८५०–१९०० च्या तुलनेत १.५९ अंशांनी, तर समुद्र ०.८८ अंशांनी तापला होता. जगातील एकूण जमिनीशी तुलना केली, तर भारत काहीसा संथ तापला हे खरे आहे. हवेतील धूलिकण व काजळीमुळे अडणारे ऊन आणि उत्तर भारतातील विस्तीर्ण सिंचन ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. हे कवच समाधान मानण्याजोगे नाही. हवा स्वच्छ करण्यात यश आले, तर ते विरळ होईल आणि भूजल आटले तरीही.

‘नेहमीपेक्षा’ म्हणजे कधीपेक्षा?

तुलनेच्या काळाचा हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. उष्णतेच्या लाटेची घोषणा त्यावरच ठरते. हवामान विभागाच्या निकषानुसार इंदूरसारख्या मैदानी व पठारी केंद्रावर कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते आणि ते नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वर असावे लागते. किंवा मग पारा सरळ ४५ ला पोहोचावा लागतो. मे महिन्यात इंदूरचे नेहमीचे तापमानच चाळिशीच्या आसपास असल्याने ४३ किंवा ४४ अंशांच्या दुपारीही तांत्रिकदृष्ट्या लाट नसते. गोव्यासारख्या किनारपट्टीवर मर्यादा ३७ अंशांची आहे, पण नेहमीपेक्षा ४.५ अंशांच्या तफावतीची अट तीच आहे. शिवाय एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडावे लागते. गोव्याचा उपविभाग ‘कोकण व गोवा’ असा एकत्रित आहे, आणि राज्यातील दैनंदिन तापमानाच्या नोंदींत प्रामुख्याने पणजी आणि मुरगाव हीच नावे दिसतात. दोन्ही किनाऱ्यावरची. सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातील काजू बागायतदार किंवा खाणपट्ट्यातील कामगार ज्या उकाड्यात राबतो, त्याचे प्रतिनिधित्व ही दोन केंद्रे कितपत करतात, हा प्रश्न राज्याने स्वतःला विचारायला हवा.

उष्ण रात्रीचा निकष तर आणखी अडचणीचा आहे. दिवसाचा पारा ४० अंशांवर असेल तरच रात्रीची तफावत विचारात घेतली जाते. इंदूरला ही अट पूर्ण होऊ शकते. पणजीत पारा चाळिशीला पोहोचणे जवळपास अशक्यच. दमट हवेत रात्री घाम न वाळल्याने होणारा त्रास किनारपट्टीवर अधिक असूनही या व्याख्येत तो बसत नाही.

आता यात ‘नेहमीचे’ तापमान कोणते, हे पाहावे. जागतिक हवामान संघटनेच्या शिफारशीनुसार तीस वर्षांची ही सरासरी दर दहा वर्षांनी पुढे सरकवली जाते: आधी १९८१–२०१०, आता १९९१–२०२०, पुढे २००१–२०३०. हेतू व्यवहार्य आहे. शेतकऱ्याला, वीज मंडळाला, आरोग्य यंत्रणेला आजच्या परिस्थितीत काय ‘नेहमीचे’ आहे ते कळायला हवे. पण जग तापत असताना प्रत्येक नवी सरासरी आधीच्यापेक्षा उष्ण असते. मोजपट्टीचे शून्यच वर सरकते. तीस वर्षांपूर्वी ज्या दुपारची तफावत ४.५ अंश भरली असती, तीच दुपार नव्या सरासरीने ४ अंशांवर येऊ शकते आणि लाटेच्या व्याख्येतून निसटू शकते. उकाडा तेवढाच असतो. कागदावर तो ‘नेहमीचा’ होतो.

या विसंगतीची चुणूक गोव्याने पाहिली आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, हवामान विभागाच्या पंचांगात अद्याप हिवाळा सुरू असताना, गोव्यासह किनारी भागांसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्या महिन्यात पणजीचे नेहमीचे कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास असते, म्हणून ३७ अंश ही ठळक तफावत ठरली. देशपातळीवर तो १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता, सरासरीपेक्षा १.३४ अंशांनी अधिक. असे फेब्रुवारी वारंवार आले, तर २०३१ नंतरच्या सरासरीत तेच मुरतील आणि पुढच्या पिढीचा हवामान अहवाल त्यांना असाधारण म्हणणार नाही.

जागतिक हवामान संघटनेने यावर तोडगाही सुचवलेला आहे. व्यवहारासाठी सरकती सरासरी वापरावी, पण दीर्घकालीन बदल मोजण्यासाठी १९६१–१९९० हा काळ कायमचा संदर्भ म्हणून राखावा. आपल्याकडील दैनंदिन आणि मासिक अहवालांत ही दुसरी तुलना नागरिकांसमोर ठळकपणे येत नाही. प्रत्येक केंद्राच्या आकड्यासोबत दोन तफावती छापणे, एक आजच्या सरासरीपासूनची आणि एक त्या स्थिर संदर्भापासूनची, यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. जेथे नोंदी उपलब्ध आहेत तेथे ते लगेच करता येण्यासारखे आहे. राज्यांच्या उष्णता कृती आराखड्यांतही इशाऱ्याच्या पातळ्या ठरवताना हा फरक लक्षात घेतला जावा.

दीड अंशाची मर्यादा ओलांडली का?

हाच विचार पॅरिस करारालाही लागू पडतो. २०१५ च्या या करारात तापमानवाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा दोन अंशांच्या बरीच खाली आणि शक्यतो दीड अंशापर्यंत रोखण्याचे उद्दिष्ट आहे. ‘औद्योगिकीकरणापूर्वी’ म्हणजे खरे तर अठराव्या शतकाच्या मध्याआधी. पण तेव्हाच्या पुरेशा नोंदीच नाहीत, म्हणून १८५०–१९०० हा उपलब्ध नोंदींचा सर्वांत जुना काळ त्याऐवजी स्वीकारला गेला. २०२४ मध्ये १.५५ हा आकडा आला म्हणून मर्यादा मोडली असे म्हणता येत नाही, कारण तिचा अर्थ वीस वर्षांच्या सरासरीशी जोडलेला आहे. २०२३–२४ मध्ये प्रशांत महासागरात एल निनोचा प्रभाव होता आणि अशा वर्षी तापमान उसळी घेते.

मात्र या व्याख्येची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. वीस वर्षांची सरासरी पूर्ण होण्यासाठी पुढची दहा वर्षे थांबावे लागते. मर्यादा प्रत्यक्षात ज्या वर्षी ओलांडली जाईल, त्या वर्षी तसे अधिकृतपणे म्हणता येणार नाही. ते कळेल दशकभराने. २०१५ ते २०२४ ही दहाही वर्षे २०२४ अखेरपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत उष्ण दहा वर्षे होती, हे पाहता अधिकृत शिक्क्याची वाट पाहणे धोरणकर्त्यांना परवडणारे नाही.

इंदूरच्या वेधशाळेत साडेआठ आणि साडेपाच वाजता होणारी नोंद ही या सगळ्या हिशेबाची पायरी आहे. अल्तिनोवरच्या पणजी केंद्राचीही. जगाची सरासरी कोठेतरी दूर ठरवली जाते असे वाटते, पण ती अशाच केंद्रांतून, त्यांच्या खंड न पडलेल्या नोंदींतून उभी राहते. ही केंद्रे आहेत तेथेच राहू देणे, त्यांच्या भोवतीची मोकळी जागा राखणे, किनाऱ्यापासून दूरच्या तालुक्यांत नवी केंद्रे उभारणे आणि त्यांचा इतिहास लोकांसाठी खुला ठेवणे, एवढे राज्याच्या हाती आहे. पुढच्या वेळी ‘यंदा नेहमीपेक्षा इतके अंश अधिक’ अशी बातमी आली, की वाचकाने संपादकाला आणि नागरिकाने शासनाला एक प्रश्न विचारावा: हे ‘नेहमी’ कोणत्या वर्षांचे?